तुझ्या नावावर माझं रक्त

इंदू,

मंडळाकडून कागद आलाय. सोनं गाळणाऱ्या आपल्या गलाईवाल्यांच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणतात. सोबत मागच्या वर्षीचा एक नमुनाही जोडलाय, माझ्यासारखा सातवी पास माणूस गोंधळू नये म्हणून. जन्म कुठला, लग्न कधी, मागे कोण कोण, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ! हे लिहिणाऱ्याने तुझ्याशी एकदा तरी भांडून बघायला पाहिजे होतं. तसलं मी काही लिहिणार नाही. ज्याला तू माहीत होतीस त्याला माहीत आहेस. मला तुझ्याशीच बोलायचंय, आणि जे बोलायचंय ते चांगलं नाही.

तू जाऊन सव्वा महिना झाला. सकाळी चहाचं आधण ठेवलंस, छातीत कळ आली म्हणालीस आणि ओट्याला टेकून खाली बसलीस. रिक्षा दारात येईपर्यंत हातातून गेलीस. बाराव्याला माणसं आली, जेवली, आणि प्रत्येकाने मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "वहिनी खाण्यापिण्याला जपत नव्हत्या काय?" मी कुणाला उत्तर दिलं नाही. कारण हे वाक्य सगळ्यांच्या आधी, दहा-बारा वर्षांपूर्वी मीच बोललो होतो. तुझ्या तोंडावर.

आठवतंय? तुझ्या टाचेच्या वरच्या शिरेला गाठी आल्या होत्या. चप्पल लागते म्हणून तू तीन चपला बदलल्यास. मग कुठल्या तरी तपासणीत कोलेस्टेरॉल निघालं, एवढं की डॉक्टरने कागद दोनदा वाचला. तेल-तूप बंद, रोजची गोळी सुरू. तू बंद केलंस. सहा महिन्यांनी परत तेवढंच. तू काडीसारखी, मी ढोलासारखा, आणि कोलेस्टेरॉल तुला. मी म्हटलं, "चोरून खातीस तू."

तू नुसती बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी मी तुपाच्या बरणीवर, तूप जिथवर होतं तिथे पेनाने बारीक रेघ मारली. तुला ती तासाभरात दिसली. बोलली काहीच नाहीस, पण संध्याकाळी माझी तंबाखूची डबी उघडली तर आतल्या बाजूला तसलीच रेघ. "हे काय?" म्हटलं तर म्हणालीस, "माप हाय. डॉक्टरनं तुम्हाला पण बंद सांगितलंय. दोघं बी चोर, दोघांवर बी पाळत."

हसायचं होतं मला तेव्हा. हसलो नाही.

माझा स्वभावच संशयी, असं तू येईल-जाईल त्याला सांगायचीस. पण स्वभाव आला कुठून? चौदाव्या वर्षापासून या कानडी शहरात, नगरतपेटच्या बोळात, दुसऱ्याचं सोनं आटवतोय. सोनार जुना डाग, दागिना, घेऊन येतो, शपथ घेतो की बावीस कॅरेट आहे. शपथेवर विश्वास ठेवला असता तर भट्टी पेटवायला धंद्यात राहिलो असतो का? कसोटीच्या दगडावर घासायचं, तेजाबाचा थेंब टाकायचा, रेघ टिकते का बघायचं. त्यातून सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, सांगणारा नवीन मशीनवाला बोळात आला की त्याचीही परीक्षा घ्यायची आमची रीत. आपल्याला ज्याचा कस पक्का माहीत आहे असा तुकडा घ्यायचा आणि दुसऱ्याच कुणाचा म्हणून त्याच्याकडे द्यायचा. बरोबर टंच सांगितला तर माणूस खरा. तोंडं बघून सांगत असेल तर त्याची पायरी परत चढायची नाही. हे मला तुझ्या बापाने शिकवलं, माझ्या मामाने.

बरणीवरची रेघ हलली नाही आणि तुझा आकडाही उतरला नाही. म्हणजे तू खोटी नव्हतीस. मग खोटं कोण? मी म्हटलं, रक्त तपासणारे. बाईचं वय बघतात, डॉक्टरची चिठ्ठी बघतात आणि आकडा ठोकून देतात. गोळ्या खपल्या पाहिजेत ना.

आता जे लिहितोय ते तुला कधी सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी नवीन लॅब झाली, घरी येऊन रक्त नेणारी. तू म्हणालीस, दोघांचं एकदमच करू. एक कन्नड बाई आली, जाड चष्म्याची. "अज्जा, स्वल्प मूठ आवळा," म्हणाली. माझी एक नळी, तुझी एक नळी. तिने दोन्हींवर नावाच्या पट्ट्या डकवल्या, नळ्या टेबलावर ठेवल्या आणि हात धुवायला मोरीत गेली. तू तिच्यासाठी कॉफी ओतत होतीस. मी पट्ट्या काढल्या आणि बदलल्या. ओल्या होत्या, अलगद निघाल्या.

बघ, माझा हिशेब साधा होता. लॅब खोटी असेल तर तुझ्या नावावर परत जास्तच येईल. खरी असेल तर तुझ्या नावावर माझं येईल, नॉर्मल.

नॉर्मल आलं. माझ्या नावावर तुझं आलं, जिथे तिथे लाल. म्हणजे लॅब खरी होती. म्हणजे इतकी वर्षं आकडे खरे होते. हे कळल्यावर मी काय करायला पाहिजे होतं ते कुठल्याही पोराला कळतं. तोंड उघडायचं. पण तू तो कागद हातात घेऊन घरभर फिरलीस गं. शेजारच्या पद्माक्काला जिन्यातून हाक मारलीस. "अक्का, नॉर्मल बंतु, नॉर्मल आलं! आणि हे म्हणत होते मी चोरून खाते!" पद्माक्काने मला आपादमस्तक न्याहाळलं. तू माझ्यापुढे कागद धरलास आणि म्हणालीस, "आता बोला की. आता का गप?"

मी गप्पच राहिलो. तुझा आनंद मोडवला नाही असं म्हणायला सोपं आहे. अर्धं ते खरं आहे. अर्धं हे की मला लाज वाटली.

मग डॉक्टरने तुझी गोळी अर्धी केली. आणि तू माझ्यामागे लागलीस. मला कोरडी ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं वरण, उकडलेलं दोडकं. तू माझ्यासमोर बसून तुपाचा शिरा खायचीस आणि मला म्हणायचीस, "जिवाला जपा. तुम्ही गेलात तर मी कुणाशी भांडू?" तुझ्या रक्तातला आजार माझ्या ताटात वाढत होतीस तू, आणि मी मुकाट गिळत होतो. आठ महिने. मला लिहून दिलेल्या गोळ्या मी मोरीत टाकायचो. कधी तरी वाटायचं, आज सांगू. मग तू काही तरी हसून बोलायचीस आणि ते राहून जायचं.

आठ महिन्यांनी परत दोघांचं रक्त गेलं. तेव्हा मी हात लावला नाही. माझं नॉर्मल, तुझं डोक्यावर. तू दोन्ही वेळचे चारही कागद मांडीवर घेऊन बसलीस. तारखा बघितल्यास. मग फाइलमध्ये घातलेस आणि म्हणालीस, "माझं पथ्य तुम्हाला लागू पडलं म्हणायचं." एवढंच.

तुला कळलं होतं का गं? मला संशय आहे, कळलं होतं. तू गलाईवाल्याची पोर. बापाच्या दुकानात तुकडे कसे फिरवतात हे तू माझ्याआधी बघितलेलं. डॉक्टरने गोळी परत पूर्ण केली तेव्हा तू विचारलंसही नाहीस, असं का झालं म्हणून. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मी विचारलं नाही. आता विचारतोय, तर काय उपयोग.

हे सगळं माझ्याबरोबर राखेत गेलं असतं, पण तू गेल्यावर दहाव्या दिवशी मल्लेश्वरमच्या हार्टच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तुझ्या टाचेच्या गाठी बघून त्यांनी शेवटच्या खेपेला जास्तीचं रक्त घेतलं होतं, जीनच्या तपासणीला. तो कागद आला होता. मी एकटा गेलो. मनात म्हटलं, माणूस गेलं तरी यांची तपासणी संपत नाही.

बाई कन्नड मिसळून हिंदी बोलतात. पहिलंच विचारलं, "नात्यात लग्न?" मला राग आला. म्हटलं, "मामाची मुलगी. आमच्यात करतात. तुमच्यातही करतात." त्या म्हणाल्या, "करतात की, माझ्या आईचंच आहे. रागावू नका, घराण्याचं चित्र काढायचंय." मग त्यांनी तुझ्याकडून आधीच लिहून घेतलेली तुझ्या घरातल्या माणसांची नावं वाचली. तुझा बाप, नंतर काढलेल्या कोचीच्या दुकानात, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. तुझा थोरला भाऊ, बेचाळिसाव्या वर्षी, जिन्यात. मी म्हटलं, "ते तेजाबाच्या धुराने गेले. आमच्या धंद्यात छाती जाते." सगळा गाव हेच म्हणतो. बाईंनी विचारलं, "तुमची छाती कधी गेली? तुमच्या हाताखालच्यांची?" मी बोटं मोजायला लागलो आणि थांबलो. छातीत कळ येऊन पन्नाशीच्या आत गेलेली सगळी माणसं तुझ्या बापाच्या बाजूची होती. माझी आई त्याच बापाची सख्खी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षं जगली. तिच्यात ते उतरलं नसावं, म्हणून माझ्यातही नाही, असं बाई म्हणाल्या. म्हणजे आपल्या लग्नाचा यात दोष नाही. तेवढं एक बरं वाटलं.

मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, ही लिव्हरची पेशी समजा. रक्तातून चरबीची गाठोडी वाहत असतात. पेशीच्या अंगावर बारीक हात असतात, प्रोटीनचे. ते गाठोडं धरतात आणि आत ओढतात. हात कसे घडवायचे याचा साचा आईकडून एक आणि बापाकडून एक मिळतो. तुझ्या बापाकडचा साचा एका ठिकाणी बदललेला. त्याने घडवलेला हात वाकडा होतो. आणि पेशीच्या आतच एक तपासणी असते. वाकडा माल दिसला की तो दारापर्यंत जाऊच देत नाही, आतल्या आत मोडून टाकते. मग अंगावर हात निम्मे, आणि गाठोडी रक्तात फिरत राहतात. जिथे जागा मिळेल तिथे बसतात. काळजाच्या नळ्यांत, टाचेच्या शिरेत.

मी विचारलं, "आणि तूप?"

"तूप सोडून स्वल्प फरक पडतो. एवढा पडत नाही. जन्मापासून तसं होतं त्यांना."

जन्मापासून. माझी बरणीवरची रेघ, आणि तुझ्या अंगातला दोष तुझ्या जन्मापासूनचा. गोळीचं काम काय, तर चांगल्या साच्यातून जास्त हात काढायला लावणं, असंही त्यांनी सांगितलं. त्यावर मी मान हलवली आणि खाली बघितलं. आठ महिने तुझे ते हात मी अर्ध्यावर ठेवले होते. तेवढ्याने फरक पडला का, हे मी नंतर बाईंना विचारलं. म्हणाल्या, सांगता येत नाही. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. सांगता येत नाही हे उत्तर किती जड असतं ते मला आता कळलं.

पण बाईंच्या कागदात एक गोम होती. सापडलेला बदल नवीन आहे म्हणे, फार कुणात नोंद नाही. त्यामुळे कागदावर लिहिलंय की हा बदल संशयित आहे, दोषी ठरलेला नाही. दोषी ठरवायचा तर घरातल्यांचं रक्त बघायला पाहिजे. आपल्या लेकीचं, सविताचं आधी, आणि तिच्यात निघालं तर तिच्या ओवीचं. निम्मी शक्यता, म्हणाल्या. नाणं उडवल्यासारखं.

पुढच्या रविवारी सर्जापूर रोडला लेकीच्या घरी गेलो. सविता तुझी फाइल मांडून बसली होती. तू गेल्यापासून ती ऑफिसचं काम करते आणि मधल्या वेळात तुझे कागद वाचते, दुसरं काही नाही. मी बाईंचं सगळं सांगितलं. जावई म्हणाले, "पण अण्णा, त्यांनीच अनसर्टन लिहिलंय. तेवढ्यावरून दहा वर्षांच्या मुलीला टोचत सुटायचं?" आणि सविताने फाइलमधून तो कागद काढला. तोच.

"हे बघा अण्णा," म्हणाली. "आईचं सगळीकडे हाय, आणि या एका वेळी नॉर्मल. जीनमध्येच असतं तर असं आलं असतं? त्या वर्षी आईने खरंच तेल सोडलं असणार, तुमच्या टोमण्यांना कंटाळून. म्हणजे हे खाण्याचंच आहे. मी आमच्या घरातलं तळण बंद केलंय. ओवीला संशयावरून जन्मभराच्या गोळ्या मी देणार नाही."

ओवी तिथेच पालथी पडून चित्र रंगवत होती. म्हणाली, "म्हणजे माझी भजी कायमची बंद? आज्जीमुळे?"

इंदू, तू असतीस तर हसली असतीस. मी त्या कागदावरचं तुझं नाव बघत होतो. माझ्या खोटेपणाने तुझ्या रक्तातल्या त्या बदलाला साक्षीदार मिळवून दिला होता, की तो निर्दोष आहे. आणि त्या साक्षीदाराच्या भरवशावर तुझी लेक तुझ्या नातीला तसंच सोडणार होती, तुझा भाऊ सोडला गेला तसं.

मी म्हटलं, "सविता, ते आईचं रक्त नाही."

"म्हणजे?"

"माझं आहे. मी नळीवरच्या पट्ट्या बदलल्या."

तिला आधी वाटलं, म्हाताऱ्या बापाचं डोकं फिरलं. मग मी मशीनवाल्याची परीक्षा, मोरी, कॉफी, सगळं सांगितलं. जावई उठून गॅलरीत गेले. सविता माझ्याकडे बघत होती, तू बरणीच्या वेळी बघितलंस तशी. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"माहीत नाही."

"आणि तिची गोळी अर्धी केली ती यावरून?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प."

"हो."

ती रडली नाही. तिने फाइलमधून त्या दिवसाचा दुसरा कागद शोधला, माझ्या नावाचा. दोन्ही शेजारी ठेवले. पेन घेऊन माझं नाव खोडलं आणि त्याच्यावर तुझं लिहिलं. दुसऱ्यावरचं तुझं खोडून माझं लिहिलं. अक्षर ठळक, दाबून, कागद फाटेल असं. मग मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही घरी जा आज."

मी मेट्रोपर्यंतची बस चुकवली आणि कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो.

तीन दिवसांनी फोन आला. "उद्या सकाळी लॅबला या. तुमचंही द्यायचंय, बाई म्हणाल्यात." फोन ठेवला. मी गेलो. ओवीने माझा हात धरला आणि विचारलं, "आजोबा, खूप दुखतं?" मी म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं." ती म्हणाली, "लाल मुंगी की काळी?" रक्त घेणारी पोरगी नळ्यांवर नावं लावत होती आणि माझी नजर आपोआप तिच्या हातांकडे गेली. सवय. सविताने ते बघितलं. तिने मला खुर्चीची जागा दाखवली, बाहेर. मी बाहेर जाऊन काचेला पाठ करून बसलो.

काल कागद आले. सविताचं तुझ्यासारखंच आहे, टाच अजून साफ आहे एवढंच. ओवीचंही वर आहे. जीनचं यायचंय, पण बाई म्हणाल्या, तीन पिढ्यांचे एवढे कागद एका बाजूला असले की संशयाला फार जागा राहत नाही. लवकर कळलं म्हणाल्या, पोरगी म्हातारी होईल. ओवी गोळी घेईल. तिच्या आईने तिला भजीही परत दिलीत, आठवड्यातून एकदा.

सविता माझ्याशी कामापुरतं बोलते. फाइल तिच्याकडे आहे. ते बरोबरच आहे.

लोक विचारतात, वहिनी जपत नव्हत्या का. आता मी सांगतो, जपत होती, माझ्याहून जास्त जपत होती. त्यांना सांगून झालं, आता तुला. इंदू, त्या दिवशी तुझं रक्त नॉर्मल नव्हतं. जिन्यात पद्माक्काला जो कागद दाखवलास तो माझा होता. पण त्या कागदावरून तू मला जे सुनावलंस ना, ते खरं होतं. तू चोरून खात नव्हतीस. कधीच खाल्लं नाहीस. तू विचारलं होतंस, आता का गप. हे ते उत्तर.